ध्रुवाचा न दिसणारा सोबती

लग्नात वधूवरांना ध्रुवतारा दाखवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. अढळपणाचा तो दाखला. खगोलशास्त्राच्या जुन्या नोंदी मी हौसेने वाचत आलो. त्यांत भेटणारा ध्रुव मात्र साधारण चार दिवसांत एकदा फुगतो नि आकसतो. शिवाय तो एकटाही नाही. विल्यम हर्शेल यांनी १७७९ साली त्याच्याजवळ एक मंद तारा पाहिला. पण मला ओढ लागली ती दुर्बिणीलाही न दिसलेल्या दुसऱ्या सोबत्याची.

१८९९ साली कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेत विल्यम कॅम्पबेल ध्रुवाचा वर्णपट तपासत होते. तारा आपल्याकडे येत असेल तर वर्णपटातील रेषा निळ्या टोकाकडे सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या. त्यावरून त्याचा वेग कळतो. ध्रुवाचा वेग चार दिवसांच्या आवर्तनाने बदलत होता. त्याखेरीज १८९६ च्या मोजणीशी ताडून पाहता त्याचा सरासरी वेगही बदललेला होता. म्हणजे अदृश्य सोबती दोन, एक जवळचा नि एक लांबचा, असा अर्थ कॅम्पबेल यांनी लावला.

त्या काळी हे स्वाभाविकच होते. वृषपर्वा समूहातील डेल्टा ताऱ्याच्या वेगातही रशियन शास्त्रज्ञ बेलोपोल्स्की यांना असेच आवर्तन आढळले होते, आणि असे तारे जोडतारे मानले जात. १९१४ साली हार्लो शॅप्ली यांनी या समजाला धक्का दिला. हिशेबाने निघणारी कक्षा खुद्द ताऱ्याच्या पोटातच पडत होती! तेव्हा तारा कुणाभोवती फिरत नाही, तो स्वतःच स्पंदन पावतो. ध्रुवाचा जवळचा सोबती असा निकालात निघाला.

लांबचा मात्र उरला. स्पंदनाचा चार दिवसांचा चढउतार वजा केला, तरी वेगातला संथ बदल शिल्लक राहत होता. लिकमधील तीन दशकांची मोजणी एकत्र करून जे. एच. मूर यांनी १९२९ मध्ये दाखवले, की ही सुमारे तीस वर्षांची परिक्रमा आहे. एक फेरी पाहायला माणसाची अर्धी उमेद खर्ची पडते.

एवढा खटाटोप कशासाठी? हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ साली अशा ताऱ्यांच्या स्पंदनकाळाचे त्यांच्या तेजाशी असलेले नाते मांडले. दूरच्या दीर्घिकांची अंतरे त्याच नात्यावर मोजली जातात. पण ताऱ्याचे वस्तुमान थेट काढायला त्याला ओढणारा सोबतीच लागतो. २००५ साली नॅन्सी इव्हान्स आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीतून तो सोबती प्रथमच वेगळा टिपला. ध्रुवापासून त्याचे अंतर कोनीय सेकंदाच्या जेमतेम सहाव्या भागाएवढे. पुढे कक्षेची मोजणी वाढत गेली आणि २०२४ मध्ये ध्रुवाचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे ५.१ पट निघाले.

कॅम्पबेल यांचा एक सोबती खोटा ठरला, दुसरा खरा. दोघांचा निवाडा झाला तो एकाच नोंदवहीमुळे. ध्रुवाला तराजूत घालता आले, ते पुढच्या पिढीसाठी आकडे नेटाने लिहून ठेवणाऱ्यांमुळे.