केमोल्डच्या चौकटी

बंगालीत चित्र 'बांधतात'. पुस्तकाची बांधणी आणि चित्राची चौकट, दोन्हींना क्रियापद एकच. बराकपूरला राहायला आल्यावर हे कानाला आधी विचित्र वाटलं, मग आवडलं. मराठीत आपण तसबीर मढवतो, जसा मृदंग मढवतो. हे काम करणारा मात्र दोन्हीकडच्या कलेतिहासात क्वचितच भेटतो. मुंबईचे केकू गांधी याला मोठा अपवाद.

केकूंचा जन्म १९२०चा. शिक्षण केंब्रिजला चाललेलं. दुसरं महायुद्ध पेटलं आणि ते मुंबईतच अडकले. रॉजर व्हॅन डॅम नावाचा एक बेल्जियन गृहस्थही युद्धामुळे इथेच राहिला होता. दोघांच्या ओळखीतून चौकटींच्या पट्ट्यांचा धंदा उभा राहिला. 'केमिकल मोल्डिंग'चं आखूड रूप म्हणजे केमोल्ड. साल १९४१.

फ्रेमवाल्याकडे लोक तेव्हा काय घेऊन जात? देवादिकांच्या तसबिरी, लग्नातले फोटो, वाडवडिलांची छायाचित्रं. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानात चौकटी दाखवायच्या तर त्यांच्या आत काहीतरी हवंच. केकूंनी तिथे आरा, हेब्बर, रझा, हुसेन यांची चित्रं लावली. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची. त्याआधी शहरात नव्या चित्राला भिंत मिळणं कठीण होतं. म्हणजे दुकानदाराला चौकटीत घालायला चित्र मिळालं आणि चित्रकाराला बिनभाड्याची भिंत. याला कुणी उदार आश्रय म्हणतात. मला तो सरळ व्यवहार वाटतो, आणि म्हणूनच तो टिकला असावा.

त्यातले कृष्णाजी हौलाजी आरा या दुकानाला विशेष शोभणारे. १९१४ साली बोलारमला जन्म, लहानपणीच पळून मुंबईत, घरगडी म्हणून नोकरी, मोटारी धुणं, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंग. टाइम्सचे कलासमीक्षक रूडी व्हॉन लायडन यांनी त्यांना हेरलं. १९४२मध्ये 'चेतना' उपाहारगृहात पहिलं एकल प्रदर्शन झालं, १९४७मध्ये सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे यांच्यासोबत ते प्रोग्रेसिव्ह गटात आले. आरांनी फुलदाण्या आणि नग्नाकृती पुष्कळ रंगवल्या, त्यातही कागदावर बऱ्याच. कॅनव्हास एक वेळ उघडा राहील, कागदाला काच लागतेच. काच थेट कागदाला टेकली की दमट हवेत दोन्ही चिकटतात, बुरशी धरते. म्हणून मध्ये पुठ्ठ्याची खिडकी कापून बसवायची. मुंबईत काय नि हुगळीकाठी काय, पावसाळ्यात या एका पुठ्ठ्यावर चित्राचं आयुष्य ठरतं. पट्ट्यांचे कोपरे ४५ अंशांत नीट कापले नसतील तर तिथे बारीक फट पडते, आणि एकदा दिसली की नजर चित्रावर ठरत नाही.

१९६३मध्ये जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू झाली. ती मुख्यतः खोर्शेद गांधींनी सांभाळली, हे केकूंच्या गुणगौरवात मागे पडतं. चित्रं विकली गेली नाहीत त्या दिवसांत चौकटींच्या धंद्याचा आधार होता. इकडे कलकत्त्यातही पार्क स्ट्रीटवर केमोल्ड नावाचं चित्रदालन होतं.

आरा १९८५मध्ये गेले, केकू २०१२मध्ये. केकूंचं नाव राहिलं ते गॅलरीमुळे. करवत धरून कोपरे जुळवणाऱ्या कारागिरांची नावं कुठल्या कॅटलॉगमध्ये माझ्या पाहण्यात नाहीत. चित्र हातोहात विकलं जातं तेव्हा नवा मालक बहुधा नवी चौकट घालतो, आणि जुनीच्या पाठीवरचं दुकानाचं लेबलही तिच्याबरोबर जातं. प्रदर्शनांच्या कॅटलॉगांचा अनुवाद करताना मीही चित्राचं माप लिहिते ते उंची, रुंदी, सेंटिमीटरमध्ये, चौकट वगळून.