जळालेला भाग आणि दोषी भाग

यंत्रांचे इतिहास लिहिणारे बहुधा शोधकांचे इतिहास लिहितात. अमुक सालीं अमक्यानें शोध लावला, त्याला पेटंट मिळालें, कारखाना निघाला आणि माल देशोदेशीं गेला, एवढें सांगितलें म्हणजे कथा संपली असें ते मानतात. परंतु यंत्राच्या आयुष्याचे दोन भाग असतात : एक तें चालतें तो काळ, व दुसरा तें बंद पडतें तो. पहिल्याला इतिहासकार पुष्कळ मिळाले. दुसरा मात्र कारागिराच्या बाकावर, डाखाच्या धुरांत, बहुतांशीं अलिखितच राहिला. वस्तुतः यंत्राचें अंतरंग प्रकट होतें तें बिघाडाच्या वेळीं. आणि बिघाडाचें कारण शोधणें हें काम इतिहासकाराच्या कामाचेंच सख्खें भावंड आहे. समोर असते ती परिणामांची रास; तींतून कारणापर्यंत मागें चालत जावयाचें असतें. या दृष्टीनें मोटारींतील ध्वनिवर्धकाचा, म्हणजे ज्याला सर्वत्र अँप्लिफायर म्हणतात त्याचा, वृत्तांत विचार करण्याजोगा आहे.

क्षीण विद्युत्-लहर घेऊन तिची हुबेहूब परंतु बलवान् प्रतिकृति निर्माण करावयाची आणि तिच्या जोरावर कर्ण्याचा पडदा हलवावयाचा, एवढेंच ध्वनिवर्धकाचें काम. ली डी फॉरेस्ट या अमेरिकनानें १९०६ सालीं तीन अग्रांचा व्हॉल्व्ह सिद्ध केला तेव्हां या कामाचें साधन हातीं आलें. घरांत रेडिओ स्थिरावल्यावर तो मोटारींत बसविण्याची हौस उत्पन्न झाली. शिकागोचे कारखानदार पॉल गॅल्व्हिन यांनीं जून १९३० मध्यें रेडिओ-उत्पादकांच्या संमेलनासाठीं आपल्या गाडींत रेडिओ बसवून अटलांटिक सिटी गांठली, आणि संमेलनाच्या जागेबाहेर गाडी उभी करून येणाऱ्याजाणाऱ्यांस गाणें ऐकविलें. ‘मोटोरोला’ या नांवानें विकल्या गेलेल्या त्या यंत्राची किंमत ११० ते १३० डॉलर होती. पुढें १९४७ सालीं कंपनीनें तेंच नांव धारण केलें.

इतकी कथा सर्वश्रुत आहे. कारागिराची कथा येथून सुरू होते. व्हॉल्व्हला शेंदोनशें व्होल्टांचा दाब लागतो; त्या काळच्या मोटारीची बॅटरी सहा व्होल्टांची. प्रारंभीं सुक्या बॅटऱ्यांची एक निराळी पेटी गाडीच्या तळाशीं ठेवीत. ती महाग, जड, आणि लवकर संपणारी. तिच्या जागीं १९३० नंतरच्या थोड्याच वर्षांत व्हायब्रेटर आला. त्यांत एक पोलादी पट्टी विद्युत्-चुंबकाच्या ओढीनें सेकंदाला शंभरावर वेळां थरथरते, बॅटरीचा प्रवाह तोडते आणि जोडते. तुटक झालेला हा प्रवाह ट्रान्स्फॉर्मरमध्यें शिरला म्हणजे त्याचा दाब वाढवितां येतो. रेडिओ लावतांच जो बारीक गुणगुणाट ऐकूं येई तो या पट्टीचा. इतक्या वेळां आपटणारे स्पर्शबिंदु झिजावयाचेच. म्हणून व्हायब्रेटर व्हॉल्व्हप्रमाणें ओढून काढतां येईल असा खोबणींत बसविलेला असे.

याच ठिकाणीं कारागिरांच्या शास्त्रांतील पहिला मोठा धडा दडलेला आहे. स्पर्शबिंदु सुटतांना ट्रान्स्फॉर्मरमध्यें क्षणमात्र दाब उसळतो. तो झेलण्यासाठीं एक लहानसा कंडेन्सर जोडलेला असतो. तो कंडेन्सर दिसावयास क्षुद्र, किंमतीनें त्याहून क्षुद्र. पण तो निकामी झाला कीं स्पर्शबिंदूंवर ठिणग्या उडूं लागतात, ते भाजून एकमेकांस चिकटतात, आणि प्रसंगीं ट्रान्स्फॉर्मरही जळतो. उतावीळ कारागीर जळालेला व्हायब्रेटर काढी, नवा घाली, पैसे घेई. आणि थोड्याच दिवसांत तेंच गिऱ्हाईक तोच रेडिओ घेऊन दारांत उभें राही. शहाणा कारागीर व्हायब्रेटरबरोबर तो कंडेन्सरही बदली. जळालेला भाग आणि दोषी भाग हे एकच असतात असें नाहीं. किंबहुना पुष्कळदां जळालेला भाग हा बळी असतो, आणि अपराधी शेजारीं निर्विकार बसलेला असतो.

कधीं तर अपराधी घराबाहेरच असे. इंजिनांत स्पार्क प्लगवर उडणारी प्रत्येक ठिणगी ही एक लहानसें प्रक्षेपण-केंद्रच होय. गाडीचा वेग वाढेल तशी कर्ण्यांतील खरखर वाढे. ध्वनिवर्धक कितीही उघडून पाहिला तरी त्यांत दोष सांपडावयाचा नाहीं. उपाय होता तो प्लगच्या तारेंत रोधक घालणें आणि वीज पुरविणाऱ्या यंत्राला कंडेन्सर जोडणें हा. खरखर इंजिनाच्या गतीबरोबर बदलते कीं नाहीं, हा एकच प्रश्न विचारून चौकशीचें क्षेत्र निम्म्यानें कमी होई. अशा प्रश्नांनाच पद्धति म्हणतात.

या पद्धतीला ग्रंथरूप देण्याचें मोठें श्रेय न्यूयॉर्कच्या जॉन रायडर यांना आहे. निरनिराळ्या कंपन्यांच्या रेडिओंचे नकाशे एकत्र करून त्यांनीं १९३१ पासून खंडामागून खंड प्रसिद्ध केले. लक्षणावरून तर्क लढविण्यापेक्षां ध्वनीच्या लहरीचाच माग काढावा, असें ज्या पद्धतीचें म्हणणें, तिचाही त्यांनीं पुरस्कार केला. लहर आंत शिरते तेथून बाहेर पडते तेथपर्यंत एकेक टप्पा तपासावयाचा. जेथवर ती शुद्ध आहे तेथवर यंत्र निर्दोष, जेथें ती बिघडली किंवा नाहींशी झाली तेथें दोष. इतिहासाचा विद्यार्थी एखाद्या वार्तेच्या प्रती कालानुक्रमानें लावून भेसळ कोठें झाली हें पाहतो, त्याहून हें फारसें निराळें नाहीं.

परंतु कार्यकारणाची सांखळी नेहमींच सरळ नसते. २ ऑगस्ट १९२७ रोजीं हॅरोल्ड ब्लॅक हे बेल कंपनीचे तरुण अभियंते नावेंतून हडसन नदी ओलांडून कामावर जात होते. ध्वनिवर्धकांतून बाहेर पडणाऱ्या लहरीचा कांहीं अंश उलटा करून पुन्हा प्रारंभीं सोडला तर विकृति कमी होईल, ही कल्पना त्यांना त्या प्रवासांत सुचली व हातांतील वर्तमानपत्रावरच त्यांनीं ती टिपून ठेवली. आज या तत्त्वाशिवाय चांगला ध्वनिवर्धक क्वचितच बनतो. पण या उपकाराची किंमत कारागीर देतो. शेवट प्रारंभाला जोडलेला आणि सर्व टप्पे एकमेकांत थेट गुंतलेले असल्यामुळें एका टप्प्यांतील दोष सर्वत्र उमटतो. कोठेंही मोजा, दाब चुकीचाच. अशा वेळीं टप्प्याटप्प्यानें माग काढण्याची रीत एकटी पुरत नाहीं. वर्तुळ कोठें तोडावें हें समजावें लागतें.

डिसेंबर १९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ट्रॅन्झिस्टर जन्मला. क्रायस्लर आणि फिल्को या कंपन्यांनीं १९५५ सालीं मोटारीसाठीं संपूर्ण ट्रॅन्झिस्टरचा रेडिओ जाहीर केला. किंमत दीडशें डॉलर. ट्रॅन्झिस्टर बारा व्होल्टांवरच समाधानी असल्यामुळें व्हायब्रेटर अनावश्यक झाला, आणि त्याचा गुणगुणाट कायमचा थांबला, असें वाटलें. नव्या साधनाबरोबर नवा रोगही आला. जर्मेनियमचा ट्रॅन्झिस्टर तापला कीं अधिक प्रवाह ओढतो, आणि अधिक प्रवाह ओढला कीं अधिक तापतो. या फेऱ्यांत तो स्वतःचा अंत करून घेतो.

मग मनुष्याची हौस वाढली. बॅटरीचा दाब इंजिन चालू असतां सुमारें १४.४ व्होल्ट असतो. चार ओहमच्या कर्ण्याला साध्या मांडणीनें तेवढ्यांत फार तर साडेसहा वॅट देतां येतात. कर्ण्याच्या दोन्ही टोकांना दोन उलट ध्वनिवर्धक जोडले तर त्याच्या चौपट, म्हणजे हिशेबानें सव्वीसच्या आसपास. त्यापलीकडे जावयाचें तर दाब वाढविणें भाग. म्हणून मोठ्या ध्वनिवर्धकांत बॅटरीचा प्रवाह पुन्हा तोडूं-जोडूं लागले, पुन्हा ट्रान्स्फॉर्मर आला. पोलादी पट्टीचें काम मॉस्फेट करतो, सेकंदाला शंभर वेळां नव्हे तर हजारों वेळां, आणि कानाला ऐकूं न येतां. व्हायब्रेटर मेला नव्हता. त्यानें देह बदलला होता.

आणि देहाबरोबर जुना धडाही परत आला. आजचा बंद पडलेला ध्वनिवर्धक उघडला तर पुष्कळदां हे मॉस्फेट काळे पडलेले दिसतात. ते बदलून गाडीला जोडावे तों क्षणांत नवेही जळतात. कारण पुढच्या बाजूला, कर्ण्याला शक्ति देणारा एखादा ट्रॅन्झिस्टर आंतून आरपार जुळून गेलेला असतो. जाणता कारागीर दुरुस्त यंत्र एकदम बॅटरीला जोडीत नाहीं. मध्यें मोटारीच्या दिव्याचा एक बल्ब घालतो. बल्ब लखलखला तर समजावें कीं आंत अजून शत्रु आहे. मंद राहिला तर पुढें जावें. चार पैशांचा हा दिवा मोलाचे भाग वांचवितो.

ही विद्या आपल्याकडेही रुजली. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरील सुट्या भागांच्या दुकानांवर आणि गांवोगांवच्या मेकॅनिकांच्या टेबलांवर तिची परंपरा चालत आली आहे. पण रायडरच्या काळीं खुला असलेला नकाशा आतां पुष्कळदां मिळत नाहीं, आणि कितीएक भाग नखाहूनही लहान झाले आहेत. ‘दुरुस्त करूं नका, नवा घ्या’ या सल्ल्यांत हिशेबाचें तथ्य असेलही. कारागिराच्या दिवसाची मजुरी नव्या यंत्राहून अधिक पडते असे प्रसंग खरेच येतात. तरी हा प्रश्न केवळ पैशाचा नाहीं, हें लोकांना उमगूं लागलें आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं, मोटारीच्या दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांस मिळालीच पाहिजे, असा कौल दिला. भारत सरकारच्या ग्राहक-व्यवहार खात्यानें जुलै २०२२ मध्यें दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. तिनें निवडलेल्या क्षेत्रांत मोटारीही आहेत.

या हक्काची खरी किंमत कशांत आहे ? जो समाज बिघडलेली वस्तु केवळ बदलतो, त्याला ती कां बिघडली हें विचारण्याची संवय उरत नाहीं. आणि ही संवय एकदां गेली कीं ती यंत्रांपुरती जात नाहीं. संस्था ढांसळली, राज्य बुडालें, तर जो जळालेला दिसतो त्यालाच दोषी ठरवून, त्याच्या जागीं दुसरा बसवून मोकळें व्हावें, हा मोह राजकारणांतही आहे आणि इतिहासलेखनांतही. मध्यें एक दिवा लावून, तो किती लखलखतो हें पाहून मगच पुढें जाणाऱ्या त्या अनाम कारागिराजवळ आम्हां इतिहासाच्या अध्यापकांनीं शिकण्यासारखें पुष्कळ आहे.