भारनियमन आणि सपाट पडदा

2000 च्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला. अनेक सरकारी पदांसाठी त्याचे प्रमाणपत्र लागू लागले, तसे विदर्भातल्या यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेडमध्ये संगणकवर्ग निघाले. टेबलांवर चित्रनळीचे पंधरा इंची मॉनिटर असत: दहा-बारा किलोंचे, पाठीमागून उष्णता फेकणारे. इथला उन्हाळा 45 अंशांना टेकतो. त्यात ही भट्टी!

सपाट पडदा शहरात देखणेपणावर खपला असेल, विदर्भात त्याची वकिली भारनियमनाने केली. चित्रनळीला 70-80 वॅट लागत, पंधरा इंची एलसीडीला पंचवीस-तीस. वीज गेली की यूपीएसवर एलसीडी जास्त वेळ तगे. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार 2005 पर्यंत संगणक साहित्यावरचे आयातशुल्कही शून्यावर आले होते.

गेम खेळणारे मात्र जुन्या नळीसाठी हट्टी, आणि त्यांचा हट्ट रास्त होता. सुरुवातीचे एलसीडी रंग बदलायला 25 मिलिसेकंदांपर्यंत वेळ घेत; पळत्या माणसामागे सावली ओढली जाई. जुनी नळी 85 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 85 चित्रे दाखवत, सहज चाले; एलसीडी 60 वरच अडलेला. 2009 च्या सुमारास 120 हर्ट्झचे पडदे आले, मग 144 चे.

एलसीडीतही प्रकार आहेत: स्वस्त टीएन पडदा चपळ, पण बाजूने पाहिल्यास रंग विटतात. हिताचीने 1996 साली बाजारात आणलेले आयपीएस तंत्र तिथे सरस ठरले. रोजच्या कामाला आज तेच बरे.

एलसीडी आले तसे जुने मॉनिटर टाकून दिले गेले, आणि चित्रनळीच्या काचेत तर शिसे असते. ई-कचऱ्याचे नियम 1 मे 2012 पासून लागू झाले, तोवर कितीतरी मॉनिटर भंगारात फुटले होते.