गादीमागच्या बाकाबाई

बाघ नदीकाठचे राजेगाव आज मध्य प्रदेशात मोडते, पण 1853 पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. या मुलखाची सत्ता काही वर्षे ज्यांच्या नावाने चालली, त्या बाकाबाईंना इतिहासाने इंग्रजांच्या हातचे बाहुले ठरवले. हा निकाल मला उतावळा वाटतो. तुलनेसाठी गादीमागची दुसरी एक राणी पाहा. चौदाव्या शतकात कोरियाच्या गोर्यो राज्यात इरिंजिनबाल ही मंगोल राजकन्या राणी झाली आणि 1344 पासून बालराजा चुंगमोकच्या नावाने तिने कारभार पाहिला. तिच्या पाठीशी माहेरची युआन बादशाही होती. बाकाबाईंच्या पाठीशी असे कोणीच नव्हते. वरची इंग्रज सत्ता त्यांच्या दाराशी रेसिडेंट होऊन बसली होती.

बाकाबाईंचे पती दुसरे रघूजी भोसले 1816 मध्ये वारले. रघूजींचा दुर्बळ मुलगा परसोजी याच्या नावाने कारभार चालवण्याचा बाकाबाईंचा बेत परसोजीचे चुलतभाऊ आप्पासाहेब यांनी हाणून पाडला आणि 1817 च्या फेब्रुवारीत परसोजीचा खून झाला. इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाले. मग 1818 मध्ये रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा, वय जेमतेम दहा, तिसरा रघूजी म्हणून गादीवर आला. वाड्याची आणि मुलाची देखभाल बाकाबाईंकडे होती, मुलखाचा कारभार रेसिडेंट जेंकिन्सकडे. मग बाकाबाईंच्या हाती उरले काय, असा आक्षेप रास्तच आहे. महसूल नाही, फौज नाही. पण गादीवर रघूजींचेच रक्त राहिले, आणि बाकाबाईंच्या राजकारणाचा सगळा रोख तिथेच होता.

याची साक्ष 1818 पेक्षा 1853 देते. तिसरे रघूजी निपुत्रिक वारले, डलहौसीने राज्य खालसा केले. तेव्हा अधिकाराचे कोणतेही पद नसलेल्या वृद्ध बाकाबाईंनी दत्तकाचा हक्क मागत कलकत्त्याला आणि विलायतेला वकील धाडले. वाड्यातले सामान हलवाल तर वाडाच पेटवून देऊ, असा त्यांनी दम दिल्याचे इंग्रज इतिहासकार के याने नोंदवले आहे. बाहुली असे दम देत नाहीत.

तरी 1857 मध्ये त्यांनी बंडवाल्यांना साथ दिली नाही, हा डाग मोठा मानला जातो. मला मात्र त्यात जुनाच हिशेब दिसतो: बंड फसले तर दत्तक जानोजींची उरलीसुरली आशाही जाणार. हिशेब थंड होता, शूर नव्हे. 1858 मध्ये बाकाबाई वारल्या. पुढे जानोजींना 'राजाबहादूर' किताब आणि देऊरची जहागीर मिळाली. राज्य मिळाले नाही.