यंत्राचा श्रीगणेशा

पूर्वीं मूल शाळेंत गेलें म्हणजे पंतोजी त्याचा हात धरून धूळपाटीवर श्रीगणेशा गिरवून घेत असत. पहिलें अक्षर कोणी तरी बाहेरून शिकवावें लागतें. पुढची विद्या मग पुस्तकांतून मिळते. गणकयंत्राच्या इतिहासांतहि हाच प्रश्न आरंभापासून उभा आहे. यंत्र स्मृतींत असलेल्या आज्ञा तेवढ्या पाळतें. परंतु त्या आज्ञा स्मृतींत आणावयाच्या, तर आणण्याची आज्ञाहि आधींच तेथें असावयास हवी. मग ती पहिली आज्ञा घालावी कोणीं?

या कोड्याचें एक सुबक उत्तर केंब्रिज विद्यापीठांत सांपडलें. मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेलें ‘एड्सॅक’ हें यंत्र ६ मे १९४९ रोजीं प्रथम चाललें व त्यानें वर्गसंख्यांचें कोष्टक छापून दाखविलें. त्याची स्मृति पाऱ्यानें भरलेल्या नळ्यांत असे. वीज गेली कीं सारें विस्मृत. म्हणून डेव्हिड व्हीलर या तरुण विद्यार्थ्यानें अवघ्या ३१ आज्ञांचा संच रचला आणि तो टेलिफोन केंद्रांत वापरीत तसल्या फिरत्या स्विचांवर कायमचा जोडून ठेवण्यांत आला. बटण दाबतांच त्या आज्ञा स्मृतींत उतरत, आणि त्यांच्या बळावर यंत्र कागदी फितीवरील छिद्रें वाचून मोठा कार्यक्रम स्वतःच आंत घेई.

इंग्रजींत अशा आरंभिक संचास ‘बूटस्ट्रॅप’ हें नांव पडलें. स्वतःच्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःस वर उचलणें, असा त्यांतील विनोद. आजचा ‘बूटलोडर’ हा शब्द त्याचाच वंशज होय.

हा संच किती निकडीचा आहे याचा प्रत्यय १९७५ सालीं आला. अमेरिकेंतील अल्बुकर्की गांवीं ‘अल्टेअर ८८००’ हें लहान यंत्र विकलें जाऊं लागलें होतें. पॉल ॲलन यांनीं व त्यांचे मित्र बिल गेट्स यांनीं त्यासाठीं ‘बेसिक’ भाषा सिद्ध केली. ती दाखविण्यास ॲलन विमानानें निघाले. परंतु फीत वाचून घेणारा प्रारंभिक कार्यक्रम लिहावयाचाच राहिला आहे, हें त्यांच्या ध्यानीं आलें तें विमानांत! तेथेंच त्यांनीं तो कागदावर लिहून काढला, आणि नंतर यंत्राच्या दर्शनी फळीवरील खटके एकेक करून वरखालीं करीत तो आंत घातला. तेवढ्या आज्ञा नसत्या, तर सारा ग्रंथ दाराबाहेरच राहिला असता.

दरम्यान ॲशर ऑप्लर यांनीं १९६७ सालीं ‘फर्मवेअर’ हा शब्द योजिला होता. पुढें तो यंत्राच्या अंगींच मुरविलेल्या आज्ञांस रूढ झाला. १९७१ मध्यें डोव्ह फ्रोमन यांनीं अतिनील किरणांनीं पुसतां येणारी स्मृति निर्माण केली; १९८४ मध्यें जपानच्या फुजिओ मासुओका यांनीं विजेनेंच झटकन पुसली जाणारी ‘फ्लॅश’ स्मृति जगापुढें मांडली. वीज गेली तरी टिकणारी, तरीहि पुन्हा लिहितां येणारी पाटी आतां हातीं आली.

तिचा लाभ सामान्य माणसापर्यंत पोंचला तो इटलींतील इव्रेया गांवांतून. तेथील रचनाविद्येच्या संस्थेंत कोलंबियाच्या एर्नांदो बारागान यांनीं २००३ सालीं ‘वायरिंग’ नांवाचा बोर्ड व त्याची सोपी भाषा आपल्या प्रबंधासाठीं तयार केली. त्याच पायावर २००५ मध्यें स्वस्त असा ‘आर्दुइनो’ उभा राहिला. कीर्ति दुसऱ्याची झाली. पायाचा दगड बहुधा जमिनींत गाडलेलाच असतो.

या मालिकेंतील पुष्कळ बोर्डांवर ‘ॲटमेगा ३२८’ ही चिप असते. तिच्यांत कार्यक्रमासाठीं ३२ किलोबाइट जागा आहे. पैकीं ‘ऑप्टिबूट’ हा बूटलोडर केवळ ५१२ बाइट घेतो. चालू होतांच तो क्षणभर कान देतो: नवा कार्यक्रम येत असल्यास उतरवून घेतो, नसल्यास जुन्यास वाट देतो. कारखान्यांतून आलेली चिप मात्र कोरी असते. तिला पहिला धडा सहा तारांनीं जोडलेल्या दुसऱ्या साधनाकडूनच मिळतो, आणि तें साधन दुसरा आर्दुइनोहि असूं शकतो. त्याच वेळीं ‘फ्यूज’ नामक खुणा योजून घड्याळाचा ठोका कोठून घ्यावयाचा व आरंभ कोठून करावयाचा हें ठरवावें लागतें. बाहेरील स्फटिकाची खूण केली आणि स्फटिकच नसला, तर चिप मुकी होते. धडा बिनचूक बसला, म्हणजे माणसानें लिहिलेली वाक्यें संगणकावर यंत्राच्या भाषेंत उतरवून साध्या तारेनें हवीं तितक्यांदा पाठवावीं.

त्याच चिपेंत कुलुपाच्या खुणाहि आहेत. त्या लावल्या, तर आंतील मजकूर परक्यास वाचतां येत नाहीं. निर्माता त्यांचा उपयोग रक्षणासाठीं करील, किंवा विकत घेणाऱ्यास आपल्याच वस्तूपासून दूर ठेवण्यासाठींहि करील. म्हणून पहिल्या आज्ञेचा प्रश्न केवळ कारागिरीचा राहत नाहीं. श्रीगणेशा गिरविणाऱ्या हातावरच अवलंबून असतें कीं, ती पाटी पुढें कोणाकोणास लिहितां यावी.