सुंदरानंद नावाचा सुतार

जॉर्ज नाकाशिमांचे टेबल पहिल्यांदा पाहणारा बहुधा म्हणेल, "अहो, फळी चिरलेली आहे की!" चिरलेलीच असते. कडही रंधा मारून सरळ केलेली नसते, झाडाची वाकडीतिकडी कड तशीच ठेवलेली. फक्त तडा वाढू नये म्हणून त्यावर डमरूच्या आकाराचा लाकडी तुकडा आडवा बसवलेला. (इंग्रजीत त्याला फुलपाखरू म्हणतात. मला आपला डमरूच पटतो.)

जन्म १९०५ चा, अमेरिकेतल्या स्पोकेनचा. आईवडील जपानी. शिक्षण वास्तुशास्त्राचे. टोकियोत अंतोनिन रेमंड या वास्तुविशारदाकडे नोकरी धरली आणि त्याच कामावर १९३७ च्या सुमारास आपल्याकडे पाँडिचेरीला आले, अरविंद आश्रमाची 'गोलकोंड' ही इमारत उभारायला. इमारत काँक्रीटची, पण पहिले फर्निचर त्यांनी केले ते तिथेच. सुंदरानंद हे नाव त्यांना श्रीअरविंदांनी दिले.

मग ते अमेरिकेत परतले, आणि युद्ध पेटले. पर्ल हार्बरनंतर जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना सरकारने घरादारातून उठवून छावण्यांत डांबले. त्यातले बहुतेक अमेरिकेचेच नागरिक! मी वर्गात दुसरे महायुद्ध शिकवत असे तेव्हा पुस्तकात पर्ल हार्बर यायचे, या छावण्या यायच्या नाहीत. असो. १९४२ साली नाकाशिमा पत्नी आणि तान्ह्या मुलीसह आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत आले. तिथे त्यांना गेंतारो हिकोगावा हे जपानी परंपरेत तयार झालेले सुतार भेटले. बांधकामातून उरलेले लाकूड आणि माळावरची खुरटी झुडपे, एवढेच सामान. वास्तुशास्त्राची पदवी घेतलेला हा माणूस तिथे नव्याने हत्यार धरायला शिकला. काष्ठाची नस कशी ओळखायची, सांधा कसा बसवायचा आणि मुख्य म्हणजे घाई कशी करायची नाही, हे हिकोगावांनी शिकवले.

१९४३ मध्ये रेमंडनीच हमी देऊन त्यांना बाहेर काढले. पुढे पेनसिल्व्हानियात न्यू होपला त्यांनी कार्यशाळा थाटली. नोल कंपनीसाठीही त्यांनी नमुने केले, पण जीव रमला तो एकेका ओंडक्यात. टेबलाच्या खालच्या बाजूला ते गिऱ्हाइकाचे नाव लिहीत. १९६४ साली ते पुन्हा भारतात आले आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांच्या नमुन्यांवरून फर्निचर तयार झाले.

१९९० साली ते गेले. कार्यशाळा पुढे मीराने चालवली. छावणीतले ते तान्हे मूल म्हणजे हीच मीरा.