खादीचा तोट्यातला संसार



मंडळाच्या शिवणवर्गाचा हिशेब माझ्याकडे आल्यापासून एक प्रश्न मला टोचतो आहे. शिवणाऱ्या बाईला पोटापुरती मजुरी द्यावी तर परकराची किंमत वाढते, आणि किंमत वाढली की आपल्याच शेजारणी म्हणतात, "बाजारात याहून स्वस्त मिळतो की!" मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. मोठे अर्थशास्त्र मला कळत नाही. म्हणून जुनी पुस्तके काढून वाचली, तेव्हा समजले की हा घोर आपल्या आधी थोरामोठ्यांनाही लागला होता.

पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका. त्यांच्या खटपटीने १८७० साली सार्वजनिक सभा निघाली. १८७२ साली त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. स्वतः सूत कातावे आणि त्याच सुताचे जाडेभरडे कापड अंगावर घालावे, असा त्यांचा नेम. १८७७ च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे जरीत आणि रेशमात मिरवत होते, तेथेही काका खादीतच गेले. देशी शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या यांच्यासाठी त्यांनी पदरमोड केली आणि गावोगावी दुकाने उघडविली. त्यात त्यांना खोट आली. पण व्रत मोडले नाही. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी त्याच काळात बायकांसाठी स्त्री विचारवती सभा चालविली. आपल्यासारख्या मंडळांची ती आजीच म्हणायची!

पुढे साबरमती आश्रमात गांधीजींना हाताने कातलेले सूत हवे होते, पण चरखाच मिळेना. तो शोधून काढला एका बाईने. गंगाबेन मजमुदार यांना बडोदे संस्थानातील विजापूर येथे घरोघरी माळ्यावर टाकून दिलेले चरखे सापडले. बायका म्हणाल्या, पेळू पुरवा, सूत विकत घ्या, म्हणजे आम्ही कातू. गंगाबेननी पिंजारी शोधला, पेळू करविले, सूत विणून घेतले. एवढे करून आश्रमातली पहिली खादी पडली वाराला सतरा आणे! जाडी ती जाडी, आणि वर महाग. तरी स्नेह्यांनी ती आनंदाने घेतली.

पण स्नेही किती पुरणार? १९२५ साली अखिल भारत चरखा संघ निघाला. खादी स्वस्त ठेवायची तर कातणारीची मजुरी तुटपुंजीच राहू लागली. ज्या कापडाने गरिबाला घास द्यायचा, त्याच्याच पायी कातणारी अर्धपोटी! गांधीजींना हे सहन होईना. आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळावेत, अशी त्यांची इच्छा होती. तेवढे देणे संघाला झेपले नाही. तरी १९३५ साली मजुरी वाढविण्याचा ठराव झाला. खादी महागेल, गिऱ्हाईक तुटेल, अशी धास्ती कार्यकर्त्यांना होती. त्याच साली विनोबा वर्ध्याजवळ नालवाडीला दिवसभर सूत कातीत बसले. कातणारीच्या मजुरीत माणसाचे पोट भरते की नाही, हे त्यांना स्वतःच्या पोटावरून पाहायचे होते.

हे वाचून माझी मलाच लाज वाटली. गेल्या दिवाळीत मुलीचा झगा मीही बाहेरूनच आणला. चार पैसे वाचले म्हणून खूषही झाले. तो कोणी शिवला, तिला काय मिळाले, हे मनातदेखील आले नाही.

आता वार्षिक सभेत शिवणाची मजुरी कमी करण्याची सूचना येणार आहे. सूचना करणाऱ्या भगिनींचे मन वाईट नाही; वहीत तोटा दिसतो, तो मीच लिहिला आहे. पण आपल्या वर्गातल्या एकीच्या मुलाची फी त्याच मजुरीतून जाते. तोटा भरून काढायचा तर कापड एकदम घेऊ, बेतताना चिंधी कमी पाडू, आणि प्रत्येकीने वर्षाकाठी दोन परकर मंडळाचेच घेऊ. एवढे करूनही तूट राहिली तर पुन्हा बसून विचार करू. पण पहिली कात्री मजुरीला लावू नये, एवढीच माझी विनंती आहे.